वाचनाची वही

"आमचा मुलगा वाचत नाही" ही तक्रार हल्ली घरोघर ऐकू येते. ती करणाऱ्या पालकांना एक उलटा प्रश्न विचारावासा वाटतो: मुलाने वाचलेच, तर ते त्याने सांगावे कोणाला? मोठी माणसे पुस्तक आवडले की मित्राला गाठतात, कट्ट्यावर वाद घालतात, आणि वसंतातल्या संध्याकाळी अशा सभामंडपात येऊन बसतात. मुलाच्या वाट्याला मात्र धड्याखालचे प्रश्न येतात. प्रत्येक वाचनामागून परीक्षाच येणार असेल, तर वाचनाची गोडी टिकावी कशी? प्राथमिक शाळेत ठेवावयाची 'वाचनाची वही' हा ह्या दुखण्यावरचा एक साधा उपाय आहे.

ह्या वहीत सारांश नाही, तात्पर्य नाही आणि गुणही नाहीत. पहिल्या दोनतीन पानांवर मुलाने आपल्या वाचनाची हकीकत लिहावी: मला पहिली गोष्ट कोणी सांगितली, घरात कोण काय वाचते, मी कुठे बसून वाचतो, कोणते पुस्तक अर्ध्यावर टाकले आणि का. ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही तो येथे ओशाळण्याचा संभव असतो. म्हणून शिक्षकाने प्रथम स्वतःची यादी फळ्यावर लिहावी, आणि तीत आजीची पोथी, एस.टी.वरची पाटी, दिनदर्शिकेची मागची बाजू, भज्यांच्या पुडीचा कागद हेही घालावे. मग रिकाम्या हाताने आलेल्या मुलालाही लिहिण्याजोगे पुष्कळ सापडते.

पुढे आठवड्यातून एकदा चारसहा ओळी पुरेत. 'गोष्टीत काय घडले?' असे न विचारता 'वाचताना कुठे थांबलास? कोण आठवले?' असे विचारावे. अमेरिकेतील लुईझ रोझेनब्लॅट ह्या विदुषीने 1938 साली असे प्रतिपादन केले की, वाचणाऱ्याचा अनुभव आणि समोरचा मजकूर यांच्या भेटीतून साहित्याचा अर्थ घडत असतो. 'श्यामची आई' वाचून एकाला आपली आई आठवेल. ज्याला आई नाही त्याला आणखी काही आठवेल. ह्यांपैकी कमी गुण कोणाला द्यायचे?

पहिली-दुसरीच्या मुलांना लिहिता येत नाही, ही अडचण खरी; पण त्यांनी चित्र काढावे व सांगावे, आणि शिक्षकाने त्यांचेच शब्द खाली टिपून घ्यावेत.

ह्या वहीचा प्राण म्हणजे शिक्षकाचे उत्तर. 'छान' असा शेरा मारून भागत नाही. पत्राला पत्राने उत्तर द्यावे तशा दोन ओळी लिहाव्यात. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर रोज आठ वह्या घ्याव्यात. पाच दिवसांत सर्वांची पाळी येते. शुद्धलेखन व्याकरणाच्या तासाला पाहता येईल. वहीतल्या प्रत्येक ऱ्हस्वदीर्घाखाली लाल रेघ ओढली, की मूल पुढच्या खेपेस सोपेच शब्द लिहिते आणि खरी गोष्ट मनात ठेवते. आपले हेच सर्वांत मोठे नुकसान.

शनिवारी जोडीजोडीने वह्यांची अदलाबदल करावी आणि वाचणाऱ्याने खाली एक प्रश्न लिहावा. मात्र जे पान घडी घालून ठेवले असेल ते दुसऱ्या मुलाने उघडू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. काय दाखवायचे हे ठरवण्याचा हक्क असला, तरच दाखवण्यात आनंद असतो.

पुस्तकांवाचून ही वही चालायची नाही, हे उघड आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये शाळेच्या ग्रंथालयात गोष्टींची पुस्तकेही असली पाहिजेत. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधील शिक्षक तर पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचेच ग्रंथालय उभे करतो. कपाट कुलपात राहिले तर कायदा आणि कल्पना दोन्ही व्यर्थ.

महाराष्ट्रात 2015 पासून 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. तो व्हावाच. पण उरलेल्या दिवसांचे काय? आज घरी गेल्यावर मुलाला 'काय शिकलास?' असे न विचारता 'तू वाचलेस त्यातले मला काही सांगशील का?' एवढे विचारून पाहा. आणि तो सांगू लागला, की मध्ये त्याची चूक काढू नका.