'घसरणे' : एक क्रियापद, दोन घटना
डॉज रॅमच्या १९९६ ते २००२ मधील कमिन्स डिझेल पिकअपचा स्वयंचलित गिअरबॉक्स 'घसरतो' असे म्हणताना दोन भिन्न घटना एकाच क्रियापदाने सांगितल्या जातात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शक्ती तेलातून वाहते. तेथील थोडी घसरण स्वाभाविकच होय. क्लचच्या चकत्यांची घसरण मात्र दोष होय.

प्रथम तेल पाहावे : इंजिन चालू, तेल तापलेले, गिअर न्यूट्रलमध्ये. करपट वास आल्यास चकत्या जळाल्याचा संशय धरावा. महामार्गावर वेग स्थिरावला की कन्व्हर्टर जखडतो. ब्रेकला पाय लागताच सुटतो व इंजिनाचे फेरे वाढतात. स्पर्शावाचून ते वरखाली होऊ लागले, तर दोष अनेकदा थ्रॉटलच्या सेन्सरकडून येणाऱ्या विद्युत्संकेतात असतो. आणि कारागीर (शब्दावर विसंबून) गिअरबॉक्सच उतरवितो.