बाजाराची धूळ आणि बाजाराचा धूर

कापडाच्या धंद्यात धूळ ही रोजची डोकेदुखी आहे. खामगावात आमचे कापडाचे दुकान आहे. सकाळी गादीवर पांढरी खोळ घातली तर संध्याकाळी तिच्यावर हाताचा पंजा उमटतो. पांढऱ्या कापडाचा ताका दर्शनी भागात चार दिवस राहिला की घडीच्या कडेला मळकट रेघ येते आणि तो माल भाव कमी करून काढावा लागतो. म्हणून खराब हवा म्हणजे धूळ, असेच आम्ही वर्षानुवर्षे समजत आलो. ही समजूत किती अपुरी आहे, हे गेल्या हिवाळ्यात कळले.

आमच्याकडे एक जुना नोकर आहे. दुकान बंद करताना दिवसभराची पॉलिथिनची वेष्टने, पुठ्ठे व सुतळ्या गोळा करून नालीच्या कडेला पेटवून देणे हे त्याचे काम असे. काम आम्हीच सांगितलेले. त्याला खोकला लागला, तो दोन महिने हटेना. क्षयाची तपासणी झाली, त्यात काही निघाले नाही. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "रोज धुरात कुठे उभे राहता?" प्रश्न त्याला होता, पण उत्तर आमच्याकडे होते.

थोडे समजून घेऊ या. हवेतील कण मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम-१० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम-२.५ म्हणतात. ताक्यावर बसणारी, डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक याहून जाड असते. ती लवकर खाली बसते आणि श्वासात गेली तरी बरीचशी नाकातोंडातच अडकते. अडीच मायक्रॉनचे कण मात्र मोठ्या प्रमाणावर जळण्यातून येतात: कचरा, लाकूड, गोवऱ्या, कोळसा, डिझेल. ते कित्येक दिवस हवेत तरंगतात, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणजे माल खराब करणारा कण वेगळा आणि माणसाला आजारी पाडणारा कण बहुधा वेगळा. आम्हा दुकानदारांची नजर पहिल्यावरच असते.

आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार वर्षाची सरासरी एक घनमीटर हवेत पीएम-१० साठी ६० आणि पीएम-२.५ साठी ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच मर्यादा १५ आणि ५ इतक्या खाली आणल्या.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत अकोला, अमरावती, जळगाव, जालना आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही आमच्या शेजारच्या जिल्ह्यांची शहरे आली. बुलडाणा जिल्ह्यातील एकही शहर त्यात आले नाही. यावर समाधान मानण्याचे कारण नाही. ती यादी शहरांत झालेल्या मोजमापांवरून तयार झाली होती. यादीत नाव नसणे हा हवा शुद्ध असल्याचा दाखला नव्हे.

आमच्याकडे धूळ व धूर कुठून येतो? मुंबई-कोलकाता महामार्ग मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यातून जातो. जड ट्रकांचा धूर तर असतोच, शिवाय रस्त्याच्या कच्च्या कडेची माती चाकांखाली दळली जाऊन पुन्हापुन्हा उडते. दुसरा आमचा जुना धंदा कापूस. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. जिनिंगमध्ये रुईबरोबर बारीक तंतू व पाचोळ्याची धूळ उडते. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना छाती आवळण्याचा विकार होतो. हंगाम संपला की शेतात पऱ्हाट्या पेटतात. त्यात वीटभट्ट्या, चुली आणि गल्लोगल्ली जळणारा कचरा यांची भर पडते.

हिवाळ्यात हे सर्व अंगावर येते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची हवा तिच्या मानाने उबदार राहते. त्यामुळे भांड्यावर झाकण ठेवावे तसा धूर खालीच कोंडतो आणि ऊन चढेपर्यंत हटत नाही. आपली दुकाने बंद होतात आणि कचरा पेटतो तो नेमका याच वेळी.

कोणी म्हणेल, महामार्गावर हजारो ट्रक धावत असताना एका दुकानाच्या पुठ्ठ्याने काय होणार? हिशेब असा आहे की ट्रकचा धूर मोकळ्यावर पसरतो. अरुंद गल्लीतला धूर मात्र पेटवणाऱ्याच्या आणि दुकानांवरच्या माडीत झोपलेल्या मुलाबाळांच्या श्वासात थेट जातो. कायदाही स्पष्ट आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवला; मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये.

आम्ही काय केले ते सांगतो. पुठ्ठा व कागद वेगळा ठेवून भंगारवाल्याला वजनावर देतो. पॉलिथिन गोणीत भरून घंटागाडीत टाकतो. सकाळी कोरडा झाडू मारण्याआधी ओले फडके फिरवतो, म्हणजे बसलेली धूळ पुन्हा उडत नाही. यात खर्च नाही. उलट जो पुठ्ठा जाळत होतो त्याचे चार पैसे हाती येतात. रस्त्याच्या कडा पक्क्या करणे आणि माती-वाळूच्या गाड्यांवर ताडपत्री टाकायला लावणे हे एकट्याचे काम नाही. त्यासाठी व्यापाऱ्यांनी मिळून नगर परिषदेकडे लेखी मागणी करावी. पण आपली काडी आपण थांबवली नाही, तर ती मागणी कोणत्या तोंडाने करणार?

आमच्या नोकराचा खोकला कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. त्याच्या औषधाचा खर्च आम्ही दुकानाच्या खात्यात लिहितो. तो धंद्याचाच खर्च आहे. इतकी वर्षे तो फक्त वहीत आलेला नव्हता.