वेरूळचे इंग्रजी

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. बँकेत आयुष्य काढलेला आणि वर कादंबऱ्या लिहिणारा माणूस, म्हणजे त्याला पैशातले आणि पुस्तकातले दोन्ही कळत असणार, असा लोकांचा समज आहे. विज्ञान की वाणिज्य हे मला कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच, की मुलगी कला शाखेत जाऊन इंग्रजी विषय घेईन म्हणते, घेऊ द्यावा का? विचारणाऱ्याच्या डोळ्यांत आशा असते आणि धास्तीही. आशा अशी की इंग्रजी आले म्हणजे नोकरी आली. धास्ती अशी की त्यातच नापास झाली तर वर्षही गेले आणि एसटीच्या पासाचे पैसेही.

काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न वेरूळच्या एका गृहस्थांनी विचारला आणि मला उत्तर द्यायला वेळ लागला. नोकरीत असताना मी त्या भागातल्या शाखेत होतो, तेव्हापासूनची ओळख. हे गृहस्थ पूर्वी लेण्यांच्या फाटकाशी चित्रांची पुस्तके आणि रंगीत दगड विकीत. पुढे पाहुण्यांना लेणी दाखवू लागले. शाळा सातवीपर्यंत. पण सोळाव्या लेण्यात रावण कैलास हलवतो आहे त्या शिल्पापुढे उभे राहून ते इंग्रजीत बोलू लागले की समोरचा गोरा पाहुणा कॅमेरा खाली ठेवून ऐकत राहतो. क्रियापदे पुढे-मागे होतात, काळ कोणता हे रावणालाही सांगता यायचे नाही. पण पार्वती घाबरून शंकराला बिलगली आणि शंकराने नुसता अंगठा दाबला, हे ऐकणाऱ्याला दिसते. जोडीला थोडे फ्रेंच, थोडे जपानी. ही भाषा त्यांना कोणी शिकवलेली नाही. पोट आणि कान या दोन गुरूंनी ती शिकवली.

आता त्याच गावातली दुसरी गोष्ट. शिष्यवृत्तीचे खाते उघडायला आलेल्या एका मुलाच्या वहीत मी एक इंग्रजी निबंध पाहिला होता. विषय नेहमीचा, ‘अ व्हिजिट टू अ हिस्टॉरिकल प्लेस’. मुलगा वेरूळचा, घर लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर. निबंधात त्याने लिहिले होते की आम्ही पहाटे पाच वाजता बसने निघालो, वाटेत गाणी म्हटली, वेरूळला पोहोचलो, सरांनी माहिती सांगितली, झाडाखाली डबे खाल्ले आणि संध्याकाळी थकून पण आनंदाने घरी परतलो. मी विचारले, ‘अरे, तू कुठल्या बसने गेलास?’ तो म्हणाला, ‘साहेब, गाईडमध्ये तसंच आहे.’ निबंधाला दहापैकी सात गुण होते. मुलाने चूक केली असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्याला जे मागितले गेले ते त्याने दिले. इंग्रजीत लिहायचे म्हणजे दुसऱ्याच्या गावाहून आपल्या गावाला सहलीला यायचे, हे तो शाळेत शिकला होता.

कॉलेजात हेच पुढे चालू राहते. फक्त गाईडला नोट्स म्हणतात. पहिल्या वर्षाचे सक्तीचे इंग्रजी म्हणजे एका वर्गात शंभरावर मुले. शिकवणारा पुष्कळदा तासिका तत्त्वावरचा, म्हणजे जितके तास तितके पैसे, सुट्टीत तेही नाहीत. त्याने शंभर वह्या तपासाव्यात ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तो मराठीतून सारांश सांगतो, संभाव्य प्रश्नांची उत्तरे लिहून देतो, मुले ती पाठ करतात आणि विद्यापीठ त्यांची परीक्षा घेते. आता तर मोबाइलला सांगितले की आयता निबंध हातात येतो, तोही बिनचूक. फरक इतकाच, की गाईड विकत तरी घ्यावे लागे.

याचा परिणाम मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिला आहे. कर्जाचे इंग्रजी अर्ज यायचे; सुरुवात ठरलेली, ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’. मागणी कर्जाची आणि भाषा भिक्षेची! एका शाखेत एम. ए. इंग्रजी, प्रथम श्रेणी असा तरुण सहकारी मिळाला. तिजोरीच्या खोलीचे छत गळत होते, तसे पत्र वरिष्ठ कार्यालयाला लिही म्हणून सांगितले. त्याने तीन झकास परिच्छेद लिहिले. इमारतीचे महत्त्व आले, ग्राहकांचा विश्वास आला, कीट्सचा वास येईल असे एक वाक्यही आले. छत गळते हे कुठेच नव्हते. मुलगा हुशार होता, पुढे चांगला अधिकारी झाला. पण पाच वर्षे इंग्रजी साहित्य शिकताना स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट इंग्रजीत सांग, असे त्याला कोणी एकदाही म्हटले नव्हते.

मराठवाड्यात या दुखण्याची मुळे जरा वेगळी आहेत. निजामाच्या राज्यात १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. सगळे उच्च शिक्षण उर्दूतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी त्याची रचना. इंग्रजांच्या अमलातल्या हिंदुस्थानात देशी भाषेतून पदवीपर्यंत शिकवण्याचा हा मोठाच प्रयोग होता. त्यात औरंगाबादचा वाटाही मोठा. मौलवी अब्दुल हक इथेच राहून काम करीत आणि त्यांच्या संस्थेचा जाडजूड इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली इथूनच बाहेर पडला. पण वेरूळ-खुलताबादच्या मराठी घरातल्या मुलाला उर्दूही शिकावीच लागे. म्हणजे इंग्रजी त्याच्यापर्यंत दोन नद्या ओलांडून यायची. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उर्दू माध्यम गेले, त्या जागी इंग्रजी आले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले आणि मराठी माध्यमाला वाट मिळाली. एका पिढीच्या आत तीन भाषा! अशा ठिकाणी पाठांतराशिवाय मुलाने धरायचे तरी काय?

तरीही याच शहरात एका कॉलेजात निराळे घडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, त्याला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला देणे ही साधी गोष्ट नव्हे. या कॉलेजचे प्राचार्यपद पुढे म. ना. वानखेडे यांच्याकडे आले. ते इंग्रजीचे अभ्यासक, अमेरिकेत जाऊन शिकलेले. तिथल्या कृष्णवर्णीयांचे लेखन त्यांनी वाचले आणि परत आल्यावर इथल्या मुलांना सांगितले की गुलामांच्या नातवंडांनी आपले जगणे असे लिहिले आहे, तुमचे तुम्ही लिहा. मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. दलित साहित्याची मोठी घडामोड या आवारात झाली. मुंबईत १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली, तिचे नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच आले. इंग्रजीतून वाचलेले असे मराठीतून उगवले. पुढची गंमत अशी, की अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला दलित साहित्याच्या अनुवादांचा ‘पॉयझन्ड ब्रेड’ हा ग्रंथ १९९२ साली इंग्रजीत आला आणि आज इंग्रजीचे विद्यार्थी तो अभ्यासाला वाचतात. इथल्या वस्त्यांतले जगणे मराठीतून इंग्रजीत जाऊन परत इथल्याच वर्गात आले. आता त्याच्यावरही नोट्स निघाल्या असतील, ती गोष्ट वेगळी.

मराठीतल्या मोठ्या लेखकांपैकी किती जण पोटासाठी इंग्रजी शिकवीत होते, हे एकदा बोटांवर मोजून पाहावे. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, विलास सारंग मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख. भालचंद्र नेमाडे औरंगाबादेत याच विद्यापीठात इंग्रजी शिकवीत होते. त्यांचा चांगदेव पाटील गावोगावच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत बिऱ्हाडे बदलत फिरतो. तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीच्या मास्तराची काय गत होते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी १९७५ ते १९७९ दरम्यान आलेल्या त्या चार कादंबऱ्या वाचाव्यात. अहवालांपेक्षा त्या जास्त सांगतात. हेच नेमाडे शाळेत इंग्रजी माध्यमाचा सोस नको म्हणून आयुष्यभर भांडत आले. ज्याने घरात राहून पाहिले त्याचे हे भांडण आहे, म्हणून ते ऐकावेसे वाटते, सगळेच पटले नाही तरी.

वेरूळच्या त्या गृहस्थांना मी शेवटी सांगितले, घेऊ द्या. मुलीने पदवी घेतली आणि ती एम. ए. ला गेली. रोज एसटीने शहरात, तीसएक किलोमीटर. एका दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’वरच्या नोट्स पाठ करीत होती. १९२४ ची ही कादंबरी आपल्याकडच्या इंग्रजी विभागांत वर्षानुवर्षे शिकवली जाते. तिच्यात मराबार नावाच्या लेण्या आहेत. आत काहीही बोला, परत येतो तो एकच पोकळ नाद. प्रेमाचा शब्द असो की शिवी, भिंतीला सारखेच. त्या नादाने म्हाताऱ्या मिसेस मूरचा जीवनावरचा विश्वास उडतो आणि तिथून कथा भलत्या वळणाला लागते. परीक्षेतला ठरलेला प्रश्न : लेण्यातल्या प्रतिध्वनीचे महत्त्व स्पष्ट करा. ठरलेले उत्तर : प्रतिध्वनी हे शून्यतेचे प्रतीक आहे, आणि पुढे चार मुद्दे.

मी तिला विचारले, ‘हा फॉर्स्टर इथे येऊन गेला होता, ठाऊक आहे का?’ तिला ठाऊक नव्हते. नोट्समध्ये ते नव्हते. मराबारसाठी त्याने नमुना घेतला तो बिहारमधल्या बराबरच्या लेण्यांचा, हे खरे. पण १९१३ साली हिंदुस्थानभर हिंडताना तो औरंगाबादला आला, एका मित्राकडे उतरला, आणि वेरूळ पाहून गेला. कादंबरी ज्याला अर्पण केली तो सय्यद रॉस मसूद एके काळी इंग्लंडात त्याच्याकडे लॅटिन शिकायला होता. पुढे तो हैदराबाद संस्थानचा शिक्षण संचालक झाला आणि उस्मानिया उभारण्यात त्याचा हात होता. मी सांगत होतो आणि तिचे वडील दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना फॉर्स्टर नवा होता, पण प्रतिध्वनी नवा नव्हता.

वेरूळला ज्यांनी दहावे लेणे पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. विश्वकर्मा लेणे, गावात त्याला सुताराचे झोपडे म्हणतात, कारण छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या कोरल्या आहेत. समोर स्तूप, त्यापुढे बसलेला बुद्ध. तिथे एक सूर लावला की तो कमानीत फिरत राहतो, गाणारा थांबला तरी. हे गृहस्थ पाहुण्यांना तिथे उभे करून बुद्धवंदनेचा एक सूर लावतात. रोजचे काम. मंगळवारी लेणी बंद, तेवढीच सुट्टी.

मुलगी वडिलांकडे पाहून एकदम म्हणाली, ‘पण आपल्या लेण्यात तसं होत नाही. तिथं लोक गप्प होतात.’

‘मग हेच लिही की,’ मी म्हणालो.

तिने पुढच्या आठवड्यात खरोखरच दोन पाने इंग्रजीत लिहून पाठवली. फॉर्स्टरच्या लेण्यात शब्दांचा अर्थ पुसला जातो. आमच्याकडे शब्द आधीच थोडे असतात, पाहुण्याला भाषाही कळत नसते, राहतो तो सूर, आणि माणूस स्वतःचे बोलणे थांबवून ऐकतो. मिसेस मूर एकटी घाबरली, तिच्याबरोबर तो नाद समजावणारे कोणी नव्हते, असेही तिने लिहिले होते. एक वाक्य वडिलांच्या आवाजाबद्दल होते, की हिवाळ्यात सकाळी तो बसलेला असतो आणि पहिल्या पाहुण्यासाठी त्यांना दोनदा सुरुवात करावी लागते. इंग्रजीत चुका होत्या, मी मोजल्या नाहीत. एम. ए. च्या किती उत्तरपत्रिकांत असे एक तरी वाक्य असते, हे तपासणाऱ्या मंडळींनी खासगीत सांगावे.

म्हणून पालक विचारतात तेव्हा हल्ली मी उलट एक प्रश्न देतो. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन निकालाची टक्केवारी जरूर विचारा, पण हेही विचारा, की तीन वर्षांत आमची मुलगी स्वतःच्या मनाने किती पाने लिहील आणि ती वाचून परत कोण देईल? बहुतेक ठिकाणी समोरचा गोंधळतो. एखाद्या ठिकाणी एखादी बाई किंवा सर हसतात आणि बसा म्हणतात. तिथे फी जरा जास्त असली तरी चालेल.

वेरूळच्या मुलीची परीक्षा पुढे उन्हाळ्यात होती. प्रतिध्वनीचा प्रश्न पडणार हे सगळ्यांनाच माहीत होते. वडिलांचे म्हणणे स्पष्ट होते : ‘साहेब, तिला सांगा, नोट्समधलंच लिही म्हणावं. तपासणारा काय लेण्यात आलेला असतोय का?’ मी काही बोललो नाही. मुलगी म्हणाली, ‘पेपर हातात आल्यावर बघते.’ प्रश्न पडला. तिने काय लिहिले ते तिने घरी सांगितलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.