वार्धक्य आणि व्याधिक्षमत्व : पेशींचे संदेशवहन का क्षीण होते?

प्रवरेकाठच्या कोल्हार-भगवतीपूर परिसरात चिकित्सा करताना एक चित्र आम्हांस वारंवार दिसते. सत्तरी ओलांडलेला रुग्ण येतो. ताप नाही, खोकला बेताचाच. नातेवाईक एवढेच सांगतात, ‘बाबा दोन दिवस जेवले नाहीत, असंबद्ध बोलतात.’ तपासणीअंती फुफ्फुसात जंतुसंसर्ग आढळतो. अशा वेळी केवळ ‘अशक्तपणा’ समजून शक्तिवर्धक औषधाची बाटली दिली गेली, तर मोलाचे दिवस वाया जातात. हे असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

संदेशाची साखळी

छातीतील थायमस ग्रंथीत टी-पेशी परिपक्व होतात. तारुण्यानंतर ही ग्रंथी झपाट्याने आकसते व तिची जागा मेद घेतो. परिणामी, नव्या रोगजंतूस ओळखू शकणाऱ्या ‘अननुभवी’ टी-पेशींचा साठा घटत जातो. जुन्या संसर्गांची स्मृती बाळगणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते.

उरलेल्या पेशींतही संदेश नीट पोहोचत नाही. टी-पेशी जागृत होण्यास, दोन किल्ल्यांनी उघडणाऱ्या तिजोरीप्रमाणे, दोन संदेश लागतात. पहिला रोगजंतूच्या ओळखीचा. दुसरा सीडी-२८ या पृष्ठभागावरील प्रथिनामार्फत येणारा. वाढत्या वयात अनेक टी-पेशी हे प्रथिन गमावतात. पेशींच्या वाढीस चालना देणारे इंटरल्यूकिन-२ कमी स्रवते. बी-पेशींस टी-पेशींचे साहाय्य अपुरे पडल्याने प्रतिपिंडांचा दर्जा खालावतो. न्यूट्रोफिल पेशींची संख्या बहुधा टिकून राहते; परंतु संसर्गस्थानाकडे अचूक जाण्याची त्यांची क्षमता मंदावते.

याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. वृद्ध झालेल्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी दाहजनक द्रव्ये अल्प प्रमाणात, पण सतत स्रवत राहतात. या मंद दाहास इटालियन संशोधक क्लॉडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. म्हणजे वार्धक्यात प्रतिकारशक्ती केवळ ‘कमी’ होत नाही, तर विस्कळीत होते : हवा तेथे प्रतिसाद दुबळा, नको तेथे अखंड.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात बलाचे सहज, कालज व युक्तिकृत असे तीन प्रकार सांगितले आहेत. कालज बल ऋतूवर व वयावर अवलंबून असते. व्याधिक्षमत्वाचा विचार करताना अतिस्थूल, अतिकृश, असात्म्य आहारावर पोसलेली, अल्पाहारी व अल्पसत्त्व शरीरे व्याधी सहन करू शकत नाहीत, असेही ते सांगतात. ओज म्हणजे अमुक पेशी, असे समीकरण मांडण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मात्र चहात बुडविलेल्या अर्ध्या भाकरीवर दिवस काढणारा वृद्ध पाहिला, की ‘अल्पाहारी’ या शब्दाचे गांभीर्य पटते. प्रथिनांची उणीव व अनियंत्रित मधुमेह ही प्रतिकारक्षमता खालावण्याची सुधारता येण्याजोगी कारणे होत.

व्यवहारात काय करावे?

वृद्धांत ताप नसणे म्हणजे संसर्ग नसणे नव्हे. अन्नद्वेष, भ्रम, वारंवार तोल जाणे, श्वासगती वाढणे ही लक्षणे दिसताच छातीची तपासणी करावी व आवश्यक तर रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. जुना क्षयसंसर्ग पुन्हा उफाळू शकतो आणि वृद्धांत त्वचेवरील ट्युबरक्युलिन चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, याचे स्मरण ठेवावे. लसीस प्रतिसाद तरुणांपेक्षा कमी मिळतो, तरीही गंभीर आजार टाळण्यास ती उपयुक्त असते. तिला पर्याय म्हणून रसायन सुचवू नये.

औषधालयचालकांस एक विनंती. गुळवेलीवर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. तथापि, २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेले रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. साधर्म्य असलेल्या अन्य जातीच्या वेलीशी गल्लत होण्याचा प्रश्नही पुढे आला. म्हणून द्रव्याची ओळख पटवूनच खरेदी करावी आणि यकृतविकार किंवा स्वप्रतिकारजन्य विकार असलेल्यांस वैद्याच्या सल्ल्याविना ते देऊ नये.

युक्तिकृत बल हे आहार, विहार व योग्य औषधयोजना यांतून लाभते. त्यातील ‘युक्ती’ बाटलीत मिळत नाही. ती वैद्याने रुग्ण तपासूनच योजावयाची असते.