बेत आवोतमधील दातांची निगा आणि मोबाइलची मदत



गेली बरीच वर्षे मी दक्षिण इस्राएलमधील बेत आवोतमध्ये जाऊन वृद्धांच्या दातांची व हिरड्यांची सफाई करते. इथे ज्याला ‘शिनानित’ म्हणतात, ते माझे काम. आपल्या समाजातील अनेक आजी-आजोबा आता बेत आवोतमध्ये राहतात. कोणी घरीच असतात आणि त्यांच्या सोबतीला मेतापेलेत असते. त्यांची मुले मला हमखास विचारतात, “आईचे ब्लड प्रेशर बरोबर आहे ना? शुगर बरोबर आहे ना?” दातांविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. म्हणून या वेळच्या सदरात तोंडाच्या निगेविषयी लिहिते. हातातला मोबाइल आणि इतर नवी साधने या कामी कशी उपयोगी पडतात, तेही सांगते.

तोंड स्वच्छ नसेल तर काय होते?

दातांवर, जिभेवर आणि कवळीवर रोज एक चिकट थर बसतो. त्यात असंख्य जंतू असतात. तरुण माणूस जेवतो, बोलतो, भरपूर लाळ गिळतो, त्यामुळे तोंड थोडेफार आपोआप धुतले जाते. उतारवयात लाळ कमी होते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, नैराश्याची औषधे, ॲलर्जीच्या गोळ्या यांनीही तोंड कोरडे पडते. मग दात मुळाशी किडतात, जिभेवर पांढरा थर येतो आणि अन्नाची चव जाते.

याहून मोठा धोका फुफ्फुसांना असतो. म्हातारपणी गिळण्याची क्रिया ढिली पडते. पक्षाघात, पार्किन्सन किंवा विस्मरणाचा आजार असेल तर जास्तच. झोपेत थोडी लाळ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते, आणि खोकून ती बाहेर टाकायची ताकद नसते. लाळेबरोबर गेलेले जंतू फुफ्फुसात न्यूमोनिया करतात. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेला एक अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांच्या तोंडाची काळजीपूर्वक सफाई होत होती, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे ११ जणांना न्यूमोनिया झाला. ज्यांची तशी सफाई होत नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात सुमारे १९ होते. नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. फरक होता तो मुख्यतः ब्रशचा.

आपल्यात मधुमेह घरोघरी आहे. हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात राहत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. हेही ध्यानात ठेवा.

मग अडते कुठे?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १४ वृद्धाश्रमांतील दोन हजारांहून अधिक रहिवाशांवर असाच एक मोठा प्रयोग झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील सेविकांना तोंडाच्या निगेचे खास शिक्षण दिले होते. पहिल्या वर्षी न्यूमोनिया कमी झाला. दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा मात्र ठाम फरक उरला नाही. माझ्या अनुभवावरून मी याचा अर्थ असा लावते: शिकवलेले सुरुवातीला पाळले जाते, मग हळूहळू मागे पडते. एका सेविकेकडे सकाळी आठ-दहा माणसे उठवायची, न्हाऊ घालायची, नाश्त्याला बसवायची असतात. अंथरूण ओले राहिले तर लगेच दिसते. दात घासायचे राहिले तर कोणाला दिसत नाही.

ही न दिसणारी गोष्ट दिसावी, यासाठीच मोबाइल आणि टॅब्लेट कामी येतात. ब्रश माणसाच्याच हातात राहतो.

नोंद ठेवणे

अनेक ठिकाणी आता औषधांची नोंद संगणकावर होते. तशीच तोंडाची नोंद व्हावी. ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमांसाठी तयार झालेली एक साधी तपासणी आहे. दंतवैद्य नसलेली परिचारिकाही ती काही मिनिटांत करू शकते. तिच्यात आठ गोष्टी पाहतात: ओठ, जीभ, हिरड्या व तोंडातील त्वचा, लाळ, नैसर्गिक दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणे. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण देतात. शून्य म्हणजे ठीक, दोन म्हणजे बिघडलेले. ही नोंद टॅब्लेटवर असेल तर मागच्या महिन्यात ३ असलेले गुण या महिन्यात ७ झाले, हे लगेच कळते आणि डॉक्टरांना वेळेवर बोलावता येते.

घरी असाल तर मोबाइलमध्ये सकाळी व रात्री आठवणीची घंटा लावा. मेतापेलेतने काम झाल्यावर फक्त एक खूण पाठवावी, एवढे पुरे.

फोटो काढून दाखवणे

सियुदी विभागातील माणसाला दवाखान्यात नेणे म्हणजे चाकाची खुर्ची, गाडी, सोबत कोणी तरी, आणि दिवसभराची दमछाक. अशा वेळी आधी फोटो पाठवून दंतवैद्याचा सल्ला घेता येतो. कोणाला लगेच न्यायला हवे आणि कोण थांबू शकते, हे त्यावरून ठरते.

फोटो असा काढावा. कवळी आधी काढून ठेवावी. माणसाला खिडकीजवळ उजेडात बसवावे. स्वच्छ चमच्याच्या मागच्या बाजूने गाल हळूच बाजूला करावा. समोरून, उजवीकडून, डावीकडून, टाळूचा आणि जीभ वर करून तिच्याखालचा, असे पाच फोटो घ्यावेत. कवळीचा फोटो वेगळा घ्यावा.

याचा उपयोग किती, ते एका उदाहरणाने सांगते. सियुदी विभागातील ८७ वर्षांच्या एका आजींनी जेवण सोडले होते. ताट पुढे आले की ढकलून द्यायच्या. विस्मरणाच्या आजारात त्यांचे हिब्रू गेले होते, उरली होती फक्त मराठी. त्या दिवसभर “टोचतंय, टोचतंय” म्हणायच्या आणि तेथे ते कोणालाच समजत नव्हते. कागदोपत्री लिहिले गेले, ‘भूक मंदावली’. मुलगी दुसऱ्या गावी राहणारी. तिने व्हिडिओ कॉलवर ते शब्द ऐकले आणि परिचारिकेला तोंडाचा फोटो काढायला सांगितले. फोटो माझ्याकडे आला. कवळीच्या कडेने खालच्या हिरडीला चांगली जखम केली होती. दंतवैद्याने कड घासून दिली, काही दिवस कवळी बाहेर ठेवली. आठवडाभरात आजी मऊ भात आणि माशाचे कालवण मागू लागल्या.

पण फोटोला मर्यादा आहेत. दाताच्या आतली कीड, हाडाची सूज, हाताला लागणारी गाठ फोटोत कळत नाही. तोंडातील जखम किंवा लाल-पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर प्रत्यक्ष तपासणी झालीच पाहिजे. आपल्या जुन्या पिढीत कित्येकांनी गावाकडे वर्षानुवर्षे मशेरी लावली, तंबाखू घातलेले पान खाल्ले. त्यांनी तर हे मुळीच टाळू नये.

आपल्या माणसाचा आवाज

विस्मरण झालेल्या माणसाच्या तोंडात अनोळखी हात गेला की तो घाबरतो, ओठ घट्ट मिटतो, प्रसंगी चावतो. तो हट्ट नसतो, भीती असते. सेविका बहुधा रशियन किंवा अरबी बोलणारी, मेतापेलेत फिलिपिन्सची किंवा नेपाळची. अशा वेळी मुलीने किंवा नातवाने मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा निरोप भरून ठेवावा: “आई, आता दात घासू या हं. आ कर. शाब्बास. आता चूळ भर.” ब्रश करताना तो लावला की पुष्कळ जण तोंड उघडतात. त्यासोबत लहानपणचे एखादे गाणे लावले तर आणखी बरे.

सेविकेनेही समोरून अंगावर न येता बाजूला बसावे, आरसा दाखवावा, ब्रश आजीच्या हातात देऊन वर आपला हात ठेवावा. हे प्रत्यक्ष दाखवणारे शिकवणीचे व्हिडिओ आता मिळतात. परदेशी मेतापेलेतला हिब्रू सूचना वाचून दाखवण्यापेक्षा तिच्या भाषेतला व्हिडिओ दाखवणे जास्त उपयोगी.

विजेचा ब्रश आणि कवळी

ज्यांचे हात संधिवाताने आखडले आहेत, त्यांना जाड मुठीचा विजेचा ब्रश सोयीचा पडतो. काही ब्रश दोन मिनिटे झाली की खूण करतात, आणि जोर जास्त झाला की लाल दिवा दाखवतात. विस्मरणाच्या रुग्णाला मात्र त्याची घरघर भीतीदायक वाटू शकते. त्याला साधा मऊ ब्रशच बरा. शब्बाथला ज्यांना विजेचा ब्रश चालत नाही, त्यांनी साधा ब्रश जवळ ठेवावा आणि पेस्टविषयी आपल्या रब्बींना विचारावे.

कवळ्या बेत आवोतमध्ये फार हरवतात. रुमालात गुंडाळल्या जातात, चादरीबरोबर धुवायला जातात. नवी कवळी करताना तिच्यात नाव घालून घ्या. काही ठिकाणी आता कवळीचे माप संगणकात साठवतात. हरवल्यास त्यावरून दुसरी करणे सोपे जाते, कारण सगळी मापे पुन्हा घ्यावी लागतातच असे नाही. जबड्याचा आकार मात्र वर्षांनुसार बदलतो, म्हणून फार जुने माप चालत नाही.

रात्री कवळी काढून, मऊ ब्रशने साबण-पाण्याने धुऊन थंड पाण्यात ठेवावी. गरम पाण्याने ती वाकडी होते. जपानमध्ये ८५ वर्षांवरील वृद्धांच्या अभ्यासात असे आढळले की कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट होता.

आणि एक गैरसमज: नळीने अन्न घेणाऱ्याचे तोंड साफ करायला नको, असे काही जण समजतात. उलट त्याला जास्त जपावे लागते. त्याला बसते करून, पेस्ट अगदी थोडी घेऊन साफ करावे आणि उरलेले पाणी कापडाने टिपून घ्यावे.

बेत आवोतला काय विचारावे?

पुढच्या भेटीत या पाच गोष्टी विचारा. दात दिवसातून दोनदा घासले जातात का, आणि त्याची नोंद आम्हाला दाखवाल का? रात्री कवळी काढता का? तिच्यावर नाव आहे का? शेवटची तपासणी कधी झाली? दुखले तर दंतवैद्य येथे येतो का, की फोटो पाठवता? हिब्रूत दात घासण्याला ‘त्सिहत्सुआह शिनायिम’ आणि कवळीला ‘शिनायिम तोतावोत’ म्हणतात. खाटेशेजारी एक कागद लावा. त्यावर ‘दुखतंय’, ‘टोचतंय’, ‘तोंड कोरडं पडलंय’ हे मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहा आणि पुढे अर्थ लिहा. हा कागद कोणत्याही ॲपपेक्षा कमी नाही.

७२ वर्षे पूर्ण झालेल्यांना कुपात खोलीममार्फत तपासणी व सफाईसारखे दातांचे उपचार अल्प शुल्कात मिळतात. क्लालित, मक्काबी, मेउहेदेत, लेउमित यांपैकी ज्या कुपातचे आपण सभासद आहात, तेथे फोन करून आपला हक्क विचारून घ्या. बेत आवोतमध्ये राहायला गेल्यावर तो हक्क संपत नाही.

थोडी सावधगिरी

आई-वडिलांच्या तोंडाचा फोटो त्यांना विचारूनच काढा. त्यांना समजत नसेल तर अपोत्रोपोसची संमती घ्या. तो फोटो साऱ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. फक्त उपचार करणाऱ्याला पाठवा. फोनवर कोणी ‘मोफत दात बसवतो’ म्हणून तेउदात झेहूतचा किंवा बँकेचा नंबर मागितला, तर देऊ नका.

आपल्यापैकी जे स्वतःच बेत आवोतमध्ये आहेत आणि हे वाचत आहेत, त्यांना एक सांगते. दात घासून द्या म्हणायला संकोच करू नका. जेवण मागायला आपण लाजत नाही, आणि ते चावायला तोंड लागतेच. आज रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, आणि उद्या मुलीचा फोन आला की तिला तो निरोप भरून द्यायला सांगा.

आपणां सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.