खाज गेली, महिन्यात परत आली: अंगावरून पांढरं जाण्याचं हे चक्र थांबतं कसं?

रांजणगाव एमआयडीसीत आठ-दहा तास उभं राहून काम करणारी मुलगी, दौंडहून रोज पहाटेच्या लोकलने पुण्याला जाणारी नोकरदार बाई आणि शिरूर-दौंडच्या उसात कोयता घेऊन उतरलेली मजूर बाई, या तिघींचं जगणं अगदी वेगळं. एक तक्रार मात्र तिघींची सारखी असू शकते, आणि ती तिघीही कुणाला सांगत नाहीत. खाली खाज येते, आग होते, दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जातं. मग मेडिकलमध्ये गर्दी कमी व्हायची वाट बघायची, हळू आवाजात "खाजेची ट्यूब" मागायची आणि कागदात गुंडाळून घरी न्यायची. चार दिवस बरं वाटतं. पुढच्या पाळीच्या आगेमागे परत तेच.

याला यीस्ट इन्फेक्शन म्हणतात. कारण आहे कॅन्डिडा नावाची बुरशी. ती बाहेरून आलेली नसते, अनेक निरोगी बायकांच्या योनीत ती मुळातच थोड्या प्रमाणात असते. शरीराचा तोल ढळला की वाढते. सुमारे ७५ टक्के बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, म्हणजे यात लाजण्यासारखं काही नाही. आणि हा गुप्तरोगांत मोडत नाही. "तुला हे कुठून आलं?" या प्रश्नावरून घराघरांत जी भांडणं होतात, त्यांना वैद्यकशास्त्रात आधार नाही. नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषधही लागत नाही.

वर्षभरात तीन किंवा जास्त वेळा झालं, तर डॉक्टर त्याला 'वारंवार होणारा संसर्ग' म्हणतात. खरी गडबड इथेच होते, कारण अशा वेळी बाईला वाटतं की आपली स्वच्छता कमी पडते. मग ती जास्त धुवायला लागते. साबणाने, जंतुनाशक द्रवाने, कुणी मिठाच्या पाण्याने, कुणी महागडा इंटिमेट वॉश आणून.

योनी स्वतःला आतून स्वच्छ ठेवते. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू असतात आणि ते आम्लता टिकवतात. पीएच साधारण ३.८ ते ४.५. आत साबण किंवा पाण्याचा फवारा गेला की हे जिवाणू मरतात आणि नाजूक त्वचा कोरडी पडून चुरचुरते. त्या चुरचुरीलाच पुन्हा इन्फेक्शन समजलं जातं. वॉशच्या बाटलीवर लिहिलेलं 'पीएच बॅलन्स' इथे फारसं कामाचं नाही, कारण कॅन्डिडा नेहमीच्या आम्लतेतही आरामात वाढतो. बाहेरचा भाग दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुणं आणि कोरडा करणं पुरेसं आहे. आत काहीही घालायचं नाही, दहीसुद्धा नाही. दही खायला हरकत नाही, पण त्याने हा आजार टळतो असा पक्का पुरावा नाही.

पॅड की कापड, हा प्रश्नही येतोच. ओडिशातल्या रुग्णालयांत आलेल्या साडेपाचशेहून अधिक बायकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाळीचं कापड घरातच वाळवणाऱ्या किंवा संडासात लपवून ठेवणाऱ्या बायकांत कॅन्डिडा जास्त आढळला. म्हणजे दोष निव्वळ कापडाचा नाही, ते ओलसर लपवावं लागतं त्याचाही आहे. आपल्याकडे ते दोरीवर साडीच्या खाली वाळत टाकायची पद्धत आहे, तिथे ऊन पोहोचतच नाही. कापड वापरायचं तर स्वच्छ धुवून उघड्या उन्हात कडक वाळवायला हवं. पॅड असेल तर चार ते सहा तासांनी बदलायला हवं, आणि शिफ्टमध्ये तेवढी सुट्टी व बरं स्वच्छतागृह मिळणं बाईच्या हातात नसतं, हेही खरं. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतं. घट्ट जीन्स आणि नायलॉनच्या चड्डीला सरसकट दोष दिला जातो, त्याबाबतचे पुरावे मात्र उलटसुलट आहेत. सुती आणि सैल घातलेलं बरं, एवढंच.

आता त्या ट्यूबकडे वळू. अमेरिकेत २००२ सालच्या एका अभ्यासात स्वतःच्या अंदाजाने यीस्टचं औषध घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी केली, तर फक्त एक तृतीयांश बायकांना यीस्ट होतं. बाकीच्यांना दुसराच काही त्रास होता किंवा काहीच नव्हतं. मासळीसारखा वास आणि पातळ करडा स्राव असेल तर तो बहुधा जिवाणूंचा प्रकार, त्यावर बुरशीचं औषध चालत नाही. जांघेत गोल चट्टे असतील तर तो नायटा. आपल्याकडच्या कित्येक 'खाजेच्या ट्यूब'मध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज लगेच दबते, बुरशी मात्र आतून पसरते आणि पुढे औषधाला दाद देईनाशी होते.

पुन्हा पुन्हा होत असेल तर सगळ्यात आधी रक्तातली साखर तपासावी. कधी कधी मधुमेहाची पहिली खूण हीच असते. ज्यांना मधुमेह आहेच, त्यांनी गोळीचं नाव बघावं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे बुरशीला खाऊ मिळतो. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. सर्दी-खोकल्यासाठी दर वेळी घेतलेली अँटिबायोटिक्स, गरोदरपण, स्टिरॉइड ही बाकीची कारणं.

साध्या संसर्गाला क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. वारंवार होणाऱ्याला ती एक गोळी पुरत नाही, आणि चक्र न थांबण्याचं मोठं कारण हेच. त्यात सुरुवातीला तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या, मग आठवड्याला एक अशी सहा महिने देतात, तीही स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघून किंवा कल्चर करून. कारण कॅन्डिडाच्या काही जाती फ्लुकोनाझोलला जुमानत नाहीत. गरोदर बाईने ही गोळी घ्यायची नाही, तिला सात दिवस फक्त योनीत ठेवायचं औषध देतात. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा रक्त जाणं असेल तर थेट रुग्णालय गाठावं. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये अशा स्रावासाठी हिरव्या रंगाचं किट मोफत मिळतं. त्यात फ्लुकोनाझोल असतंच, सोबत जिवाणूंवरचं सेक्निडाझोलही असतं.

न सांगितलेल्या आजाराची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अनेकींची मूळ तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची होती. ऊसतोडीच्या हंगामात शिरूर-दौंडच्या फडांत ज्या कोप्या पडतात, त्यांत बीडच्या बायका असतात. कॅन्डिडा वाढतो योनीत. पिशवी काढली तरी तो तिथेच राहतो.