मकरंद फुलाचा, धागा कोळ्याचा

सूर्यपक्षी, म्हणजेच शिंजीर, हा फुलांतील मकरंदावर जगणारा पक्षी आहे असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु मूर्तिजापूर परिसरातील त्याची उन्हाळ्यातली वीण बारकाईने पाहिली, तर त्याचा संसार फुलाइतकाच कोळ्याच्या धाग्यावरही उभा असल्याचे ध्यानात येते. वऱ्हाडात नेहमी दिसणारा जांभळा शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. विणीच्या काळातील नर सावलीत काळा ठिक्कर वाटतो आणि उन्हात येताच निळा-जांभळा झळाळतो. ही झळाळी निळ्या रंगद्रव्याची नसून पिसांतील सूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना निर्माण होते, म्हणूनच पक्ष्याने नुसती मान वळवली तरी रंग पालटतो. वीण संपल्यावर नर हा साज उतरवून मादीसारखा पिवळट-तपकिरी होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारी एक गडद रेघ तेवढी त्याची ओळख राखते.

पुष्कळ जण त्याला हमिंगबर्ड समजतात, पण हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांत आढळतात आणि शिंजिराचे कूळ आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलियातले आहे. दोन्ही कुळांचे आहारसाधर्म्य असले तरी नाते जवळचे नाही. शिंजीर क्वचित हवेत तरंगत असला, तरी सहसा देठाला किंवा डहाळीला धरून, प्रसंगी उलटा लोंबकळून, बाकदार चोच फुलात खुपसतो आणि नळीसारख्या लांब जिभेने मकरंद ओढून घेतो.

फाल्गुनात धुऱ्याबांधांवरचा पळस पेटला की या व्यवहाराची दुसरी बाजू उलगडते. पळसाच्या फुलात खालच्या पाकळ्यांची होडीसारखी घडी असते आणि तिच्यात पुंकेसर व कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारे टोक, दडलेली असतात. तळाशी साचलेल्या मकरंदाकडे पक्षी चोच रेटतो, तेव्हा ती घडी दाबली जाऊन पराग त्याच्या डोक्यागळ्याला चिकटतात आणि पुढच्या झाडापर्यंत पोहोचतात. पळसाच्या परागीभवनात या पक्ष्याचा वाटा मोठा असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून दिसले आहे. सलीम अली यांनी तर १९३२ मध्येच भारतातील फुले आणि त्यांच्याकडे येणारे पक्षी यांच्या संबंधांवर विस्तृत लेखन केले होते. अर्थात हा सौदा दर वेळी सचोटीचा नसतो, कारण जास्वंदीसारख्या फुलाच्या बुडाशी बाहेरूनच भोक पाडून, परागाला स्पर्शही न करता, शिंजीर मकरंद पळवतो.

मकरंद ही साखर आहे. तिने उडण्याचे बळ मिळते, पण पिलाचे अंग भरत नाही. त्यासाठी प्रथिने लागतात, आणि म्हणून पिलांना मुख्यत्वे कोळी, अळ्या व मऊ किडे भरवले जातात. घरटेही कोळ्याशिवाय उभे राहत नाही. मादी एकटीच ते बांधते. कुंपणाच्या झुडपात, निंबाच्या खालच्या फांदीला किंवा ओसरीवरच्या तारेला कोळ्याच्या जाळ्याचे वेढे देऊन ती गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, सुकी पाने आणि अळ्यांची विष्ठासुद्धा त्याच धाग्याने बांधत जाते. त्यामुळे तयार झालेली लांबट पिशवी वाऱ्याने अडकलेल्या केरकचऱ्यासारखी दिसते आणि शत्रूच्या नजरेतून निसटते. जाळ्याचा धागा ताणला तरी तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण, कारण पिले वाढू लागली की पिशवीलाही फुगावे लागते. आत सावरीच्या कापसासारखा मऊ थर असतो, बाजूला दार असते आणि दारावर पुढे आलेली छोटी पडवी असते, जी अकोल्याकडच्या उन्हाळ्यात मुळीच शोभेची म्हणता येणार नाही.

सणासुदीच्या झाडलोटीत अंगणातली जाळी मुळापासून काढली जातात, तेव्हा या मादीचे बांधकाम-साहित्यच नाहीसे होते. घरातली जळमटे अवश्य काढावीत, पण कुंपणावरची राहू द्यावीत. घरटे पुरे झाले की साधारणपणे दोन अंडी मादी एकटी सुमारे पंधरा दिवस उबवते आणि त्या काळात दाराच्या पडवीखालून तिची बाकदार चोच तेवढी बाहेर दिसते. पिले बाहेर पडल्यावर मात्र नरही चोचीत कोळी धरून घरट्याशी येऊ लागतो.